एका विड्याची वाट

“कोहळा कुठाय?” भागीरथीबाईंनी विचारलं.

खंडेनवमीची सकाळ. अंगणात तुंगा घोडी न्हाऊनमाखून, गळ्यात शेवंतीची माळ घालून आणि कपाळभर हळदकुंकू लेऊन उभी होती. तिच्यासमोर पाटावर खोगीर, लगाम, चाबूक आणि माने घराण्याची तलवार मांडली होती. तलवार गेली कित्येक वर्षं म्यानातून बाहेर यायला तयार नव्हती, म्हणून कुंकू म्यानालाच लावलं होतं. पूजा सांगणारे जोइस गावातून इथवर चालत आल्यामुळं अजून धापा टाकत होते. मंत्र संपले, आरती झाली, आता शेवटी कोहळा फोडायचा म्हणून त्यांनी हात पुढं केला, आणि हात तसाच राहिला. कोहळा आणतो, आणतो म्हणून रणोजीराव माने सणाच्या आधीपासून सांगत होते. आणला नव्हता.

“आणतो की आत्ता,” रणोजीराव म्हणाले. “त्यात काय एवढं? बाजार एका विड्याच्या वाटेवर आहे.”

असं म्हणून त्यांनी तोंडात विडा कोंबला आणि पाटावरच्या लगामाकडं हात नेला. जोइस घाईनं मध्ये पडले. कुंकू लागलेल्या आयुधाला आणि वाहनाला आज हात लावायचा नाही, ते उद्या विजयादशमीला उतरवून घ्यायचं, ही रीत त्यांनी रावांना ऐकवली. वास्तविक ही रीत सगळ्या म्हैसुराला रणोजीरावच दरवर्षी ऐकवत असत. मागच्या साली खंडेनवमीला शेजाऱ्यानं साधा विळा वापरला, तर शिलेदाराच्या दारासमोर असं चालणार नाही म्हणून त्यांनी अर्धा दिवस त्याचं डोकं खाल्लं होतं. आता कुणाला सांगतील?

“मग चालत जा,” रावांच्या पत्नी भागीरथीबाई म्हणाल्या. “एका विड्याचीच तर वाट.”

या विड्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. रणोजीरावांचे आजोबा म्हैसूरच्या फौजेत शिलेदार होते. ते घोड्यावर बसून लढले. वडील घोड्यावर बसून त्या लढाईच्या गोष्टी सांगत. रणोजीराव नुसते घोड्यावर बसत. चालणं हे पायदळाचं काम, मान्याचं पाऊल रिकिबीतच शोभतं, असं त्यांचं ठाम मत होतं. नजरबादेत वाडवडिलांचं घर होतं तेव्हा देऊळ चार घरं टाकून होतं, पण तिथंही राव घोडीवरून जात. घोडी वळवायला गल्लीत जागा नसे, म्हणून देवदर्शन घेऊन उलट्या पावली, म्हणजे घोडीच्या उलट्या पावली, घरी येत.

प्लेग येऊन गेल्यापासून म्हैसुरात जो तो हवेच्या गोष्टी करायला लागला होता. जुन्या पेठांतली कोंदट घरं वाईट, बाहेरची मोकळी हवा चांगली. ज्याच्या गाठीला काही होतं, तो गावाबाहेर घरं बांधून भाडेकरूंची वाट बघत बसला होता. रणोजीरावांनाही ही हवा लागली. त्यांनी नजरबादेतलं घर विकून टाकलं आणि वरुण्याच्या रस्त्याला, नाचणीच्या शेतांच्या मधोमध, एका ओळीत नऊ घरं उठवली. ओळीला स्वतःचं नाव दिलं, रणोजीपुरा. जमीन घेण्यापूर्वी त्यांनी अंतराची खात्री मात्र जातीनं केली होती. तोंडात विडा ठेवला, तुंगेला टाच मारली आणि विडा संपला तेव्हा ते देवराज मार्केटच्या फाटकाशी होते. झालं, सौदा पक्का. जमीन एवढी स्वस्त का मिळतेय हे वाटेत कुणाला विचारायला घोडी काही थांबली नव्हती.

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हे घोडीवरून भाडेकरू हाकायला निघाले. घरं म्हणाल तर खरंच देखणी. सागवानी दारं, प्रशस्त अंगणं, वारा असा की जेवताना पत्रावळीवर दगड ठेवावा लागे. पहिल्या घरात राव स्वतः राहायला आले, दुसऱ्यात तुकोजीराव नावाचे एक शाळामास्तर आले. मास्तर दुसऱ्या महिन्यात गेले. जाताना भांडले नाहीत, बिचारे एवढंच म्हणाले की घर फार छान आहे, शाळेत जाता-येता मला नेहमी त्याची आठवण यायची. त्यानंतर कुणी आलं नाही. आठ घरांत वारा राहत होता आणि तो भाडं देत नव्हता.

रावांना यात काही वावगं दिसेना. त्यांना काय, टांग टाकली की बाजार. भोगत होत्या भागीरथीबाई. फुलवाली यायची ती सगळं गाव हिंडून, उरलेली सुकी माळ घेऊन. गवळ्यानं गाय दारात आणून दूध काढून द्यायचं ही म्हैसूरची रीत, पण एवढी पायपीट करून आल्यावर गाय दूध द्यायच्या मनःस्थितीत नसायची. हजाम येत नसे. दळण संपलं की बाईंनी डोक्यावर टोपलं घेऊन निघायचं ते सकाळी, परतायचं ते ऊन उतरल्यावर. “घोडीवर घालून मी आणलं असतं की,” राव म्हणत, आणि आणत नसत.

पण बाईंना खरा घाव बसला तो या नवरात्रात. म्हैसुरात दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात. मधोमध चंदनी राजाराणी, खाली वाणी, शिपाई, हत्ती, बैलगाड्या. तिन्हीसांजेला गल्लीतली पोरं घोळक्यानं दारोदार फिरतात आणि बाहुल्या बसवल्यात का म्हणून विचारतात. नजरबादेत बाईंच्या ओटीवर पोरांची रीघ लागायची, चणे वाटता वाटता हात दुखायचे. यंदा त्यांनी आईकडून आलेली राजाराणी पुसून, पायऱ्या लावून, समया पेटवून ठेवल्या. कुणी आलं नाही. रोज संध्याकाळी त्या चण्याची परात मांडीवर घेऊन दारात बसत, आणि दिवा मालवायची वेळ झाली की परात आत नेत. बाईंना रडू आलं, आणि त्या रडल्याही. “तुंगेनं बघितल्या की,” अशी राव त्यांची समजूत घालायला गेले. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत.

म्हणूनच आजच्या दिवसावर सगळं टांगलं होतं. नजरबादच्या कचेरीत बंगळूरहून नव्यानं बदलून आलेले दामोदरराव कारकून, त्यांच्याबरोबरचे आणखी दोघे, असे तीन मराठे कुटुंबकबिल्यासह घरं शोधत होते. रावांनी त्यांना घरं बघायला आणि जेवायला आजचंच आमंत्रण दिलं होतं. तिघं आले की कचेरीतले बाकीचे मागोमाग येतील, रणोजीपुरा भरेल, गल्ली होईल, पोरं होतील. आजचाच मुहूर्त का, तर खंडेनवमीला कचेरीत दौती-लेखण्यांची पूजा, सगळ्यांना सुटी. केवढी ही हुशारी. भागीरथीबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “आज यातलं कुणी राहायला येतो म्हणालं तर मी इथं राहीन. नाही तर साकु झालं.” साकु म्हणजे पुरे. बाई एरवी मराठी बोलत, पण शेवटचं बोलायचं ते कन्नडात बोलत. त्या कुठं जाणार, हे रावांनी विचारलं नाही. भावाकडं जातील नि दोन दिवसांनी येतील, असं त्यांनी धरलं होतं.

तर असे रणोजीराव कोहळा आणायला पायी निघाले. सणाचा अंगरखा, डोक्याला पागोटं आणि पायांत नवे कोरे चढाव. चढाव हे जोडे रिकिबीत फार शोभतात. ते घालून जमिनीवर चालायची वेळ रावांवर यापूर्वी आली नव्हती. ओळीतलं नववं घर मागं पडेपर्यंत त्यांची चाल मोठी रुबाबदार होती. मग विडा संपला. रावांनी सवयीनं मार्केटचं फाटक बघायला मान वर केली तर समोर नाचणी. मागं वळून पाहिलं तर स्वतःच्या घराचं दार दिसलं, आणि दारात उभे असलेले जोइसही. विडा लहान झाला असेल, असं मनाशी ठरवून त्यांनी चंचीतून दुसरा काढून तोंडात टाकला आणि पाय उचलला.

दुसराही संपला. तिसऱ्यात चुना जास्त पडला. तोंड भाजायला लागलं, चढाव टाचेला चावायला लागले, आणि वर ऊन असं की पागोट्यातून घाम गळून मिशीवर येत होता. रस्त्याकडेला ना झाड ना विहीर. पूर्वी इथं झाड नाही म्हणून रावच कौतुक करत, घोडीला मोकळं पळता येतं म्हणत. पुढं एक गाडीवाला आपल्या खोपटासमोर बाभळीच्या काटकीसारख्या सावलीत बसलेला भेटला, शेजारी गाडी. रावांनी हुकमी आवाजात गाडी जुंपायला सांगितली. गाडीवाल्यानं चाकाच्या कुंकवाकडं आणि बैलांच्या गळ्यातल्या माळांकडं बोट दाखवलं, आणि कन्नडमध्ये अगदी अदबीनं विचारलं की स्वामी नव्यानंच या गावात आलेत का.

मग रावांच्या डोक्यात उजेड पडला, तो असा पडला की ते वाटेतच उभे राहिले. आज गाडी नाही, घोडा नाही, म्हणजे भाड्याची घोडागाडी, जटका, तोही नाही. म्हैसुरातला झाडून एकेक जटका आज माळ घालून दारात उभा आहे. आणि तीन कुटुंबं, बायका, लेकरं, आपल्या रणोजीपुऱ्याला जटक्यातून यायची आहेत. कचेरीला सुटी असते म्हणून दिवस निवडला, चाकालाही सुटी असते हे शिलेदाराच्या नातवाच्या ध्यानात आलं नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात, इथं तर वरातही पायी आणि घोडंही जागेवर.

नजरबाद लागलं तेव्हा राव लंगडत होते. स्वतःच्या जुन्या घरावरून जायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते पलीकडच्या रंगारी गल्लीत शिरले. ही गल्ली म्हणजे त्यांच्या तिरस्काराचा विषय. अरुंद, दोन्ही बाजूंना ओट्याला ओटा लागलेला, एकीकडं रंगाच्या भट्ट्या, दुसरीकडं न्हाव्याची पेटी, मध्येच मारुतीचं देऊळ, आड, पिठाची चक्की, आणि टोकाला मार्केटचं फाटक. माणसं राहतात की माशा, असं ते या गल्लीविषयी नेहमी म्हणत. गल्लीच्या तोंडाशीच एक म्हातारी कोहळे विकायला बसली होती. उरलेला एकच कोहळा होता, पण असा की त्याला मांडीवर घेतलं तर मांडी दिसू नये. रावांनी तो घेतला. न्यायला हमाल शोधला तर हमालानं आपल्या दोरखंडाची पूजा केली होती. तेव्हा माने घराण्याचा वंशज कोहळा पोटाशी धरून उभा राहिला, आणि त्याच वेळी कुणीतरी त्याला हाक मारली.

“रावसाहेब, इकडं. बसा बसा.”

हाक गुंडुरावाची होती. गुंडुराव रंगारी हा गल्लीतला बडा असामी. कोपरापर्यंत निळे हात, निळ्या बोटांत सोन्याची अंगठी, आणि आवाज असा की गल्लीच्या दोन्ही टोकांना काही विचारायला जावं लागू नये. त्याच्या ओट्यावर सतरंजी पसरली होती. सतरंजीवर दामोदरराव बसले होते, त्यांचे दोघे सोबती बसले होते, गूळ-लिंबाच्या पानकाचे पेले आणि भिजवल्या डाळीच्या कोसंबरीची ताटं फिरत होती. पोरं आडापाशी दंगा करत होती.

दामोदरराव भला माणूस. तो उठून उभा राहिला आणि जे झालं ते सरळ सांगितलं. जटका मिळाला नाही, म्हणून ते सगळे चालतच निघाले. इथवर आले आणि धाकट्या पोरानं बसकण मारली. गुंडुरावाच्या बायकोनं, जमुनाबाईंनी, पानक दिलं. पुढं किती लांब आहे म्हणून विचारलं तर गल्लीतल्या बायका हसायलाच लागल्या. तेवढ्यात कळलं की या घराच्या मागं, माडीवर, नव्या चार खोल्या झाल्यात.

“बायका वर गेल्या त्या अजून खाली आल्या नाहीत,” दामोदरराव म्हणाले. “तिघांनी तीन खोल्या धरल्यासुद्धा. रागावू नका रावसाहेब. तुमची घरं चांगलीच असणार. पण पोचायला हवं ना.”

“अहो, एका विड्याची वाट आहे,” राव म्हणाले. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. चुन्यानं जीभ अशी भाजली होती की शब्द नीट बाहेर पडेनात.

गुंडुरावानं त्यांच्या लालभडक तोंडाकडं पाहिलं, मग कमरेच्या रिकाम्या चंचीकडं पाहिलं. “असले किती झाले वाटेत?” त्यानं विचारलं.

राव कोहळ्यासकट खाली बसले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पानकाचा पेला रिता झाल्यावर त्यांची जीभ पुन्हा चालू झाली, आणि त्यांनी रणोजीपुऱ्याचं वर्णन सुरू केलं. सागवानी दारं. वारा. उजेड. एकेका अंगणात या गल्लीतली दोन घरं मावतील एवढी जागा. आणि इथं काय आहे? कोनाड्याएवढ्या खोल्या, समोरच्यानं शिंक दिली तर आपण तोंड पुसायचं. गल्लीतली माणसं ऐकायला जमली.

“तुमचं सगळं खरं,” गुंडुराव म्हणाला. “पण भाड्यानं राहणारा माणूस नुसतं घर घेत नाही हो रावसाहेब, तो गल्ली घेतो. आड, देऊळ, चक्की, भांडायला शेजारीण. घर आपलं झोपायला. तुम्ही नुसतं झोपायचं तेवढं बांधलंत.”

वरच्या मजल्यावरून त्याच क्षणी बायकांचा हसण्याचा आवाज आला. जमुनाबाईंनी त्यांना आपल्या बाहुल्या दाखवायला नेलं होतं. आडापाशी दंगा करणारी पोरं तो आवाज ऐकून जिन्यावर धावली. राव त्या पोरांकडं बघत राहिले. रोज संध्याकाळी चण्याची परात मांडीवर घेऊन दारात बसणारी आपली बायको त्यांना आठवली. आज कुणी आलं नाही तर साकु, असं ती म्हणाली होती. ती बोलली की बोलली. आता आपण लंगडत परत जायचं, हातात कोहळा, मागं कुणी नाही. आणि उद्या ती निघाली तर नऊ घरांत आपण आणि घोडी. त्यांनी चढाव काढून टाचा पाहिल्या. सोललेल्या टाचांनी परत चालत जायचा विचारसुद्धा करवेना.

गुंडुरावाला मात्र दुसराच विचार सुचला होता. तोही काही कमी शहाणा नव्हता. भाड्याच्या लोभानं त्यानं कापड वाळवायचं मागचं अंगणच बांधून काढलं होतं, आणि आता रंगवलेलं कापड टाकायला त्याला वीतभर जागा नव्हती. ओली लुगडी तो शेजाऱ्यांच्या भिंतींवर टाकी, आणि गेल्या पंधरवड्यात अर्ध्या गल्लीचे सदरे निळे झाले होते. त्यानं रावांना विचारलं, अंगणं नऊ ना? झाड नाही ना मध्ये? वारा म्हणता तेवढा खरंच आहे ना? सगळ्याचं उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला, “मग सगळी ओळ मला द्या. महिन्याचं भाडं महिन्याला.”

“कापड वाळवायला?” राव म्हणाले. “मी ती माणसांसाठी बांधलीत.”

“माणसाला देऊळ लागतं, हजाम लागतो. कापडाला ऊन आणि वारा. तुमच्याकडं तेवढंच आहे. आठवड्याला एक गाडी नेली-आणली की झालं. कापड चालत कुठं जात नाही.”

रावांनी आठ घरं देऊ केली. गुंडुराव नऊवर अडला, एका घरात राखणदार ठेवायचा होता. मान्यांच्या सागवानी दारांतून रंगाऱ्याची लुगडी ये-जा करणार, हे ऐकून आजोबांनी म्यानातून तलवार काढायचा प्रयत्न केला असता. पण राव आजोबा नव्हते, आणि त्यांच्या टाचा दुखत होत्या. ओळीचं नाव रणोजीपुराच राहील, एवढी एक अट घालून त्यांनी होय म्हटलं. नाव काय हवं ते ठेवा, कापडाला वाचता येत नाही, असं गुंडुराव म्हणाला. दामोदररावांच्या साक्षीनं सुपारी फुटली.

सुपारी फुटल्यावर रावांना कळलं की आपल्याला आता राहायला घर नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. ते कोहळा मांडीवर घेऊन गुंडुरावाच्या जवळ सरकले, आणि इतर कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं की मागं खोल्या चार ना? तिघांनी तीन घेतल्या, मग चौथी आपल्याला द्यावी. घरच्या मंडळींना आवडेल. पोरं येतील, बाहुल्या बघतील. हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज जरा भरून आला, आणि खोटं सांगू नये, तो खराच भरून आला होता.

“चौथी गेली की,” गुंडुराव म्हणाला. “गौरीच्या सणालाच गेली. एक बाई आल्या, टोपलं घेऊन, चालत. खोली बघितली, आड बघितला, समोरची पोरं बघितली, आणि ठरवून टाकलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर राहायला येते म्हणाल्या.”

“कोण बाई? त्यांच्याशी बोलून बघू. मी दुप्पट भाडं देईन.”

“भागीरथीबाई माने,” गुंडुराव म्हणाला. “बोलून बघा की. खोली त्यांच्या नावावर आहे. तुम्हाला ठेवून घ्यायचं की नाही, ते त्या ठरवतील.”

त्या रात्री रणोजीराव गुंडुरावाच्या ओट्यावरच झोपले. जमुनाबाईंनी टाचांना हळद आणि तेल लावायला दिलं. उशाला काही नव्हतं, म्हणून कोहळा घेतला. गल्लीत सगळीकडं माणसांची चाहूल होती, कुणी खोकत होतं, कुणी पोराला थोपटत होतं. रावांना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली, हे त्यांनी पुढं कधी कबूल केलं नाही.

विजयादशमीच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी गलका झाला म्हणून ते उठून बसले. पुढं भागीरथीबाई चालत येत होत्या, पदर खोचलेला, हातात तुंगेचा लगाम. तुंगेच्या पाठीवर एका बाजूला भांड्यांचा बोजा, दुसऱ्या बाजूला बाहुल्यांची पेटी, आणि वर, गोणपाटात गुंडाळलेली, चंदनी राजाराणी. मागं गल्लीतली सगळी पोरं, जिथं जिथं होती तिथून गोळा झालेली. एक पोरगी बाईंच्या पदराला धरून विचारत होती की बाहुल्या बसवणार का. बाहुल्या उतरवायचा दिवस उद्यावर आलेला असताना बाई तिला बसवणार म्हणून सांगत होत्या. त्यांचा चेहरा रावांनी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

“चालत आलात?” राव कसेबसे म्हणाले.

“मी नेहमीच चालत येते,” बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हळद लावलेल्या टाचांकडं पाहिलं आणि पुढचं काही बोलायच्या आत पेटी उतरवून घ्यायला पोरांना लावलं.

मग रावांचं लक्ष तुंगेकडं गेलं. लगाम तोंडात, कपाळाचं कुंकू विधिवत उतरवलेलं. पूजा तर अर्धी राहिली होती. कोहळा फुटल्याखेरीज ती उतरवली कशी? जोइसांनी असा अधर्म चालवून कसा घेतला? शिलेदाराचं रक्त जरासं सळसळलं आणि त्यांनी हे सगळं जरा चढ्या आवाजात विचारलं.

“कोहळा फोडला की काल. तुम्ही निघालात, नाचणीपाशी पोचलात, आणि आम्ही फोडला. जोइसांना पुढं चार घरं करायची होती.”

“कुठला कोहळा?”

“घरातला. बाहुल्यांच्या पायऱ्यांखाली होता. मागच्या खेपेला दळण न्यायला आले तेव्हा घेऊन गेले होते.”

रणोजीरावांनी उशाचा कोहळा उचलून मांडीवर घेतला. “घरात कोहळा होता,” ते सावकाश म्हणाले, “आणि तुम्ही मला बाजारात पाठवलंत?”

“आधी नुसतं विचारलं होतं, कुठाय म्हणून,” भागीरथीबाई म्हणाल्या. “तुम्हीच म्हणालात, एका विड्याची वाट आहे. म्हटलं, मग येतील की जाऊन.” त्या राजाराणीला पोटाशी धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढल्या आणि तिथून वळून पाहिलं. “आता तो कोहळा घेऊन वर या. लांब नाही. एकच जिना आहे.”